तुरा धरून उंची

उन्हाळा लागला की आमच्या पुतण्याला फिरण्याचे डोहाळे लागतात. यंदा त्याने पिकअप गाडी घेतली आहे आणि तिच्या मागच्या हौद्यावर बसवायची एक खोली तो निवडतो आहे. अशा खोल्या आता तयार मिळतात म्हणे. परवा दुपारी तो मोबाईल घेऊन माझ्या खुर्चीशेजारी बसला आणि वधूवर मंडळात स्थळं दाखवतात तशा एकेक खोल्या दाखवू लागला. एकीत भिंतीतून खाली उतरणारा पलंग, एकीत भांडी धुवायचं बेसिन, एकीला जाळीच्या खिडक्या, एकीला दाराबाहेर पसरणारी सावली. प्रत्येकीत काहीतरी जास्त होतं आणि काहीतरी कमी होतं. त्यामुळे त्याची झोप उडाली होती.

"काका, तुम्ही सांगा. पाण्याची टाकी मोठी घेऊ की पलंग मोठा घेऊ?"

"उंची किती आहे?" मी विचारलं.

"उंचीचं काय एवढं? माणूस आत ताठ उभा राहिला म्हणजे झालं."

 अंगणात कडुलिंबाचा मोहोर गळत होता. हा कडसर गोड वास नाकात गेला की त्याच्या मागोमाग मला ताज्या भुशाचा, रंगाचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास येतो. अंगणात भुसाही नसतो आणि पत्राही नसतो. तरी येतो. तो त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्याचा वास आहे.

तेव्हा मी नगरला एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो. लागोपाठची वर्षं कोरडी गेली होती. आकाश इतकं स्वच्छ निळं असायचं की त्याचा राग यावा. वर्गातली मुलं कमी होत होती आणि जी येत त्यांच्या डब्यात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लालसर भाकरी असे. ती भाकरी दुपारपर्यंत पाटीसारखी कडक होई. खेड्यांतली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, तलावांचे भराव घालत होती. शहरात आम्ही सभा घेत होतो. त्या वर्षी जिल्ह्यात एकच पीक जोमात आलं होतं, ते समित्यांचं.

आमच्या समाजसेवा मंडळाचीही एक समिती होती. माझं अक्षर गोल आणि वळणदार असल्यामुळे मी तिचा चिटणीस झालो. अध्यक्ष अण्णासाहेब. निवृत्त वकील. ते घरात पाणी मागतानासुद्धा समोर दोनशे माणसं बसल्यासारखं मागत. पण हेतू चांगला होता, हे मला आजही म्हटलं पाहिजे. आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतच्या बाजूला, रेल्वेलाईनच्या पलीकडे तलावाचं एक मोठं काम निघालं होतं. शेकडो बाया तिथे खडी फोडत होत्या. त्यांतल्या कितीतरी गरोदर होत्या आणि जवळपास दवाखाना नव्हता. तेव्हा लष्कराच्या लिलावातला एक जुना ट्रक घ्यायचा, त्याच्या हौद्यावर लाकडाची एक खोली बांधायची, त्या खोलीत एका नर्सने राहायचं आणि तिथेच बायांना तपासायचं, असं ठरलं.

नर्स मिळाली. श्रीरामपूरच्या रूथ सिस्टर रजा काढून आल्या. बुटक्या, सावळ्या, बोलायला तुटक. पहिल्याच बैठकीत त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. पुऱ्या लांबीचा पलंग, पाण्याचं पिंप आणि खाली येणारी पायरी.

"पायरीचं एवढं काय?" अण्णासाहेब म्हणाले.

"नवव्या महिन्यातल्या बाईला ट्रकवर चढवायला चार माणसं लागतात, साहेब. मी एकटी असणार. पायरी गुडघ्याच्या खाली पाहिजे."

खोली बांधायचं काम नामदेव मिस्त्रींकडे आलं. ट्रकच्या बॉड्या बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांचं गाव त्या तलावापासून जवळच होतं, आणि त्यांची मुलगी सगुणा त्याच कामावर नवऱ्यासोबत खडी फोडत होती. तिला सातवा महिना होता. आदल्या वर्षी पहिल्या वेळी तिला बैलगाडीतून कर्जतला नेताना वाटेतच सगळं झालं आणि मूल गेलं. हे मिस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी, लाकडाला रंधा मारता मारता सांगितलं. मान वर न करता.

"औंदा गाडीच तिच्या दारात जाईल, मास्तर," ते म्हणाले. "मग काय भ्या न्हाई."

खोलीत काय काय असावं यावर आमच्या पाच बैठका झाल्या. पुतण्याच्या मोबाईलमध्ये जेवढे पर्याय आहेत, त्याहून आमच्याकडे जास्त होते. पडदे निळे की हिरवे, यावर एक संध्याकाळ गेली. राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी किती आणि कुठल्या, यावर दोन सभासद एकमेकांशी बोलेनासे झाले. मंडळाच्या नावाची पाटी दोन्ही बाजूंना असावी हे मात्र एकमताने ठरलं. मग कोणीतरी आठवण काढली की मोठे लोक भेट देणार, त्यांचा अभिप्राय घ्यायला वही हवी. वहीला टेबल हवं. टेबलाला खुर्ची हवी. टेबलखुर्चीला जागा करण्यासाठी पलंग चार फुटांचा करायचं ठरलं.

"चार फुटांत बाई झोपणार कशी?" सिस्टरनी विचारलं.

"पाय दुमडून," एक सभासद म्हणाले.

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तसेही दुमडावेच लागतात."

ते सभासद पुढच्या बैठकीला आले नाहीत. पलंग मात्र चार फुटांचाच राहिला.

उंचीचा प्रश्न चौथ्या बैठकीत निघाला. मिस्त्रींचं म्हणणं होतं की सिस्टर उभ्या राहतील इतकी खोली पुरे. अण्णासाहेबांना ते पटेना. उद्घाटनाला जिल्ह्यातले एक मोठे पुढारी यायचे होते. फीत कापून ते आत जाणार, आणि आत काय वाकून उभे राहणार? मला या सगळ्याचा कंटाळा आला होता. त्या वयात कंटाळा आला की मी विनोद करत असे. मी अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "शिवाय पाहुण्यांना आपण सत्काराचा फेटा बांधणार. तेव्हा फेटा धरूनच मोजायला हवं. प्रश्न एवढाच आहे की तुरा धरायचा की सोडायचा?"

मी हसू येण्याची वाट पाहिली. ते आलं नाही. अण्णासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सरांचा मुद्दा रास्त आहे," ते म्हणाले. "तुरा धरून. लिहून घ्या."

आणि मी लिहून घेतलं. 'खोलीची आतील उंची फेटा व तुरा धरून ठेवावी.' गोल, वळणदार अक्षरात. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी हा किस्सा सांगितला तेव्हा भूगोलाच्या सरांना हसून ठसका लागला. पुढचा आठवडाभर मी तो जिथे तिथे सांगत होतो. दरवेळी एखादा बारकावा वाढवत होतो.

मापं घ्यायच्या दिवशी शाळेचा सगळ्यात उंच शिपाई हौद्यात उभा केला. त्याला फेटा बांधला. मिस्त्री टेप घेऊन स्टुलावर चढले. वारा सुटला होता आणि तुरा एका जागी राहत नव्हता.

"हालू नको रं," मिस्त्री म्हणाले.

"मी कुठं हालतोय? तुरा हालतोय."

"मास्तर, वाकल्याला धरू का ताठल्याला?"

"ताठ," मी म्हणालो. मला हसू आवरत नव्हतं.

स्टुलावरून उतरल्यावर मिस्त्री हळूच माझ्याजवळ आले. "लई उंच व्हतंय. गाडी डुलंल. कशापायी एवढं?"

"समितीचा ठराव आहे," मी म्हणालो.

ठराव म्हटल्यावर ते पुढे बोलले नाहीत. शिकलेल्या माणसांनी लिहून ठेवलं आहे म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं त्यांना वाटलं असावं. त्यात काय होतं हे फक्त मला माहीत होतं.

शाळेच्या मैदानात कडुलिंबाखाली त्यांनी महिनाभर काम केलं. भुशावर लिंबाचा मोहोर पडत होता आणि दोन्हींचा मिळून एकच वास होत होता. खिडक्यांना बारीक जाळी बसली. ऊन लागू नये म्हणून वाळ्याचा पडदा आला. वर पत्र्याचं छप्पर, त्याला पांढरा रंग. पण मिस्त्रींचा जीव पायरीत होता. तीन टप्प्यांची, बिजागरीवर दुमडणारी. ती झाल्यावर त्यांनी बायकोला बोलावून घेतलं, डोक्यावर भरलेली घागर दिली आणि चढायला सांगितलं. ती बाई आमच्यासमोर लाजत चढली, उतरली. थेंब सांडला नाही.

"सगुणा चढंल," मिस्त्री म्हणाले. बायकोने मान डोलावली.

गाडी तयार झाली, पण पाहुण्यांची तारीख मिळेना. एक दिवस गेला, चार गेले. खोलीला कुलूप होतं. मिस्त्री रोज सकाळी येऊन पाटीवरची धूळ पुसून जात. आठव्या दिवशी त्यांच्या गावचा कोणी बाजाराला आला होता, त्याने निरोप आणला. पोरीचं पोट खाली उतरलंय, दिवस भरायच्या आधीच होईल असं बाया म्हणतात. मिस्त्री आणि सिस्टर दोघं मला घेऊन अण्णासाहेबांकडे गेले.

"साहेब, मी आजच गाडी घेऊन जाते," सिस्टर म्हणाल्या. "उद्घाटन परत आल्यावर करा."

"उद्घाटनाआधी?" अण्णासाहेबांना खरंच समजत नव्हतं. "बाई, पाहुणे जुन्या गाडीची फीत कापतील का? त्यांना काय वाटेल? दोन-तीन दिवसांचाच तर प्रश्न आहे."

मिस्त्री दाराशी उभे होते. चपला बाहेर काढलेल्या, टोपी हातात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिटणीस होतो, मला शब्द वापरता येत होते. मी म्हणालो, "अण्णासाहेब, परिस्थिती जरा नाजूक आहे." ते म्हणाले, "म्हणूनच व्यवस्थित झालं पाहिजे." मी इतिवृत्ताची वही एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. एवढंच केलं.

पाहुणे अकराव्या दिवशी आले. मांडव, हार, बँड. फेटा बांधला, तुरा ताठ उभा राहिला. भाषण झालं, फीत कापली. उकाडा भयंकर होता. फीत कापल्याबरोबर पाहुण्यांनी फेटा उतरवून सोबतच्या माणसाकडे दिला, टक्कल पुसलं, आणि खालूनच दारातून आत डोकावून ते "छान" म्हणाले. गुडघा दुखतो म्हणून चढले नाहीत. अभिप्रायाची वही बाहेर मोटारीपाशी नेली. त्यांनी तिच्यात लिहिलं, 'उपक्रम स्तुत्य आहे.'

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. पुढे ड्रायव्हर आणि सिस्टर, मागे खोलीत मी आणि मिस्त्री. दौंड रस्त्याला गाडी बरी चालली. कर्जतच्या बाजूला वळल्यावर ती खरोखर डुलायला लागली. मी टेबल धरून बसलो होतो. मिस्त्री जाळीतून बाहेर बघत एकेक ओळखीची खूण सांगत होते. ही अमक्याची विहीर, हा खंडोबाचा माळ, आता रेल्वेचा पूल, पुलापल्याड एक कोस की तलाव. त्यांच्या आवाजात उत्साह होता.

मग गाडी थांबली. ड्रायव्हर उतरला. तो परत येईना, म्हणून आम्हीही उतरलो.

दगडी कमानीचा जुना पूल होता. वरून लाईन जात होती, खालून रस्ता. ड्रायव्हर एकदा कमानीकडे आणि एकदा छपराकडे बघत होता. मिस्त्री टपावर चढले आणि त्यांनी हाताने माप घेतलं. चांगली वीतभर उंची जास्त होती. ड्रायव्हरने चाकांतली हवा सोडली. चार बोटं कमी झालं. बाकीचं राहिलं.

"दुसरा रस्ता?" मी विचारलं.

"हाय. पर मधी नदीची वाळू हाय," मिस्त्री म्हणाले. "ही डुलती गाडी वाळूत घालाय येत न्हाई."

"छप्पर काढता येईल?"

"बोल्ट मारल्यात. हत्यारं नगरला. दोन दिस तरी."

ते कमानीच्या सावलीत जाऊन उभे राहिले आणि दगडाला हात लावून म्हणाले, "ह्या पुलाखालनं जलमभर गेलो, मास्तर. गाडीत उभा राहून गेलो. कवा मान वर करून बघायची येळच आली न्हाई."

ते मला दोष देत नव्हते. स्वतःलाच देत होते, आणि ते मी त्यांना करू दिलं. त्या ठरावात काय होतं हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही.

परवा पुतण्याने मला एक खोली दाखवली, तिचं छप्पर बटण दाबलं की खाली बसतं. "पूल-बिल आला तर अडचण नको," तो म्हणाला. मी ते तीनदा वर-खाली करून पाहिलं. त्याला वाटलं, काकांना आवडली.

मंडळाचा अहवाल पुढे मीच लिहिला. त्यात लिहिलं आहे की गाडीने उन्हाळाभर काम केलं, आणि ते खोटं नाही. मिस्त्रींनी चार दिवसांत छप्पर उतरवलं, दोन फूट कापलं आणि परत बसवलं. त्यांनी टेबलही काढून टाकलं आणि पलंग पुरा केला, कोणाला न विचारता. पुष्कळ बायांची त्या खोलीत सुटका झाली. सगळ्या त्या पायरीवरून चढल्या. छपराबद्दल मी 'किरकोळ दुरुस्तीनंतर' असे दोन शब्द घातले. अण्णासाहेबांना अहवालाची भाषा फार आवडली. भाषेला मी कधी कमी पडलो नाही.

पण त्या दिवशी दुपारी आम्ही पुलापाशी होतो. ड्रायव्हरने गाडी मागे घेऊन अलीकडच्या चढावर उभी केली. सिस्टरनी बॅग उचलली आणि चालायला लागल्या. मिस्त्री खोलीत गेले आणि पलंगाची फळी खोलून ती डोक्यावर घेऊन बाहेर आले.

"ही कशाला?" मी म्हणालो.

"लेकीकडं मोकळ्या हातानं कसा जाऊ?"

कोसभर उघडा माळ. पायाखाली जमीन भाकरीसारखी तडकलेली. लांबून हातोड्यांचा आवाज येत होता. शेकडो हातोडे, प्रत्येकाची वेळ वेगळी. जवळ गेल्यावर दगडाची पांढरी धूळ दिसली, आणि तिच्यात बसलेल्या बाया. सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या. मिस्त्रींना फळी घेऊन येताना पाहिलं तशी जवळच्या बायांचे हातोडे थांबले. त्यांतली एक म्हातारी उठली आणि तिने मिस्त्रींचा हात धरला. त्यावरून आम्हाला कळलं.

चार दिवसांपूर्वी झालं होतं. बायांनी लुगडी धरून आडोसा केला होता. मुलगा होता. रडला नाही. त्या चार दिवसांपूर्वी गाडी कुठे होती हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. ती लिंबाखाली कुलूप लावून उभी होती. पूल आड आलाच नसता तरी आम्हाला उशीरच झालेला होता.

सगुणा भरावाच्या कडेला पोत्यांच्या पालाशी सावलीत बसली होती. अंगात ताप होता. सिस्टरनी तिला आत नेऊन तपासलं, गोळ्या दिल्या, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं. त्या बाहेर आल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं.

"आधी पोचलो असतो तर मूल वाचलं असतं?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आणि ते मला विचारू नका, सर. मला नका विचारू."

मिस्त्रींनी फळी पालात टाकली होती आणि लेकीला तिच्यावर निजवलं होतं. फळी चार फुटांची, तिचे पाय जमिनीवर येत होते.  ती फळीवरून हात फिरवत होती. सुताराची मुलगी. रंधा कसा बसला आहे ते बोटांनी बघत असावी.

"आबा, खोली केली म्हनं तुमी गाडीवर."

"व्हय."

"कशी हाय?"

मिस्त्रींनी सांगायला सुरुवात केली. खिडक्यांना जाळी हाय, माशी आत येत न्हाई. वाळ्याचा पडदा हाय, त्यावर पानी मारलं की गार वारं. पान्याचं पिंप हाय, तोटी हाय. पायरी हाय तीन टप्प्यांची, तुझी आई घागर घिऊन चढली. ती लहान मुलीसारखी ऐकत होती. मी चार पावलांवर उभा होतो. 

"मंग कुटं हाय ती?"

मिस्त्रींनी पुलाच्या दिशेने बोट केलं. ती फळीला हात टेकून उठली. सिस्टर नको म्हणत होत्या तरी उठली आणि भरावावर चढून उभी राहिली. डोळ्यांवर हात धरून तिने बघितलं. मीही बघितलं. मधे नुसता माळ होता, आणि लाईनच्या भरावाच्या वर, उन्हात, पांढऱ्या पत्र्याची एक बारीक कड चमकत होती.

"दिसतीय की," ती म्हणाली. "उंच केली, म्हनून हितनं दिसतीय."